लाउडस्पीकरची मुकी पेटी

मराठीत नुसते ‘पेटी’ म्हटले की बाजाची पेटी डोळ्यांपुढे उभी राहते, आणि ती तर गाण्यासाठीच जन्माला आलेली असते. तंबोऱ्याच्या भोपळ्याचेही तसेच. मिरजेचा कारागीर भोपळा पारखून घेतो, त्यावरची तबली तासून तासून बेताची करतो, ते एवढ्याचसाठी की तारेचे कंपन लाकडाने उचलून धरावे आणि त्यात आपल्या नादाची भर घालावी. लाउडस्पीकरची पेटीही लाकडाचीच आणि पोकळच असते. त्यामुळे ती घरी बनवू पाहणाऱ्या हौशी माणसाची सहज अशी समजूत होते की हिनेही थोडे गायले पाहिजे. या एका समजुतीपायी चांगले चांगले लाउडस्पीकर वाया गेले आहेत. गाण्याचे काम ध्वनिमुद्रण झाले त्या दिवशीच मूळ वाद्याने उरकलेले असते. पुढे पेटीने त्यात आपला सूर मिसळला, की ऐकणाऱ्याच्या घरी प्रत्येक तंबोऱ्याला एकच भोपळा आणि प्रत्येक तबलजीला एकच डग्गा मिळतो.

मग पेटी हवी तरी कशाला? उघडा लाउडस्पीकर टेबलावर ठेवून त्यावर गाणे लावले तर आवाज पातळ आणि किरटा येतो. डग्गा तर जवळजवळ नाहीसाच होतो. कागदाचा शंकू पुढे सरकतो तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. तार स्वरांची तरंगलांबी थोडी असल्यामुळे त्यांचे फारसे बिघडत नाही. परंतु सेकंदाला १०० कंपने असलेल्या स्वराची तरंगलांबी सुमारे ३.४४ मीटर असते. शंकू असतो वीतभर. तेव्हा पुढे दाबलेली हवा काठावरून वळून मागची विरळ जागा भरून काढते, आणि एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने परत घेतल्यासारखे होते. अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या राइस आणि केलॉग या दोघांनी १९२५ साली कर्ण्यावाचून चालणाऱ्या, तारेच्या वेटोळ्याने हलणाऱ्या शंकूचा लाउडस्पीकर जगापुढे मांडला, तेव्हापासून मागचा आवाज अडवण्याचा हा प्रश्न त्याच्याबरोबरच आला आहे. आजचे घरगुती लाउडस्पीकर बहुतांशी त्याच वंशातले आहेत.

सर्वांत साधा उपाय म्हणजे एक मोठी फळी. सव्वा मीटरच्या चौरस फळीला मधोमध भोक पाडून शंकू बसवला, तर मागच्या आवाजाला पुढे येण्यास लांबचा वळसा पडतो आणि सुमारे १४० कंपनांपर्यंतचा आवाज भरदार राहतो. त्याखाली तो उतरू लागतो. याहून खाली जायचे तर फळी दारापेक्षा मोठी होते, आणि घरात तिला जागा मागावी लागते. म्हणून फळीच्या कडा मागे दुमडून त्यांचे खोके झाले.

येथे थोडा हिशेब करणे अवश्य आहे. पुरुष गायक काळी एकमध्ये गात असेल तर त्याच्या षड्जाची कंपनसंख्या सुमारे १३९ असते, आणि तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्याने, म्हणजे सुमारे ६९ कंपनांनी झंकारते. डग्ग्याचा घुमाराही याच खालच्या प्रांतातला. लहानशा रेडिओवर एवढे खालचे स्वर वस्तुतः उमटतच नाहीत. तरीही खर्ज ओळखू येतो, कारण वरच्या उपस्वरांवरून मूळ स्वर ताडून घेण्याची किमया आपला कान करतो. कानाच्या या औदार्यामुळेच वाईट पेट्या इतकी वर्षे खपत आल्या आहेत. पण खर्ज ओळखू येणे निराळे आणि तो ऐकू येणे निराळे.

बंद खोक्यात कोंडलेली हवा ही एक स्प्रिंग होय. खोके जितके लहान तितकी ती ताठ. शंकूच्या स्वतःच्या कडांनाही थोडा ताठपणा असतो, आणि त्यामुळे मोकळ्या हवेत प्रत्येक शंकूची एक स्वाभाविक कंपनसंख्या ठरलेली असते. खोक्यात घातल्यावर ती चढते. किती चढेल हे सांगण्यासाठी शंकूच्या कडांइतकीच ताठ असणारी हवा किती लिटर, हा आकडा चांगले कारखानदार कागदावर देतात. त्याच्या जोडीला असतो ‘क्यू’ नावाचा आकडा. शंकूला एक धक्का देऊन सोडले तर तो लगेच थांबेल की डुलत राहील, हे त्यावरून कळते. समजा, मोकळ्या हवेतील कंपनसंख्या ४० आहे, हवेचा आकडा ६० लिटर आहे आणि क्यू ०.३५ आहे. साठाला खोक्याच्या लिटरांनी भागावे, त्यात एक मिळवावा आणि वर्गमूळ काढावे. वीस लिटरच्या खोक्यात हे उत्तर दोन येते. म्हणजे कंपनसंख्या दुप्पट होऊन ८० झाली, आणि क्यूही दुप्पट होऊन ०.७ झाला. क्यू ०.७ च्या आसपास असला की आवाज कोठेही न फुगता खाली समतल उतरतो, असे गणित सांगते आणि कानही त्याला रुकार देतो.

आता जागा वाचवण्यासाठी तोच शंकू चार लिटरच्या डब्यात बसवला तर? उत्तर दोनाऐवजी चार येते. कंपनसंख्या १६० आणि क्यू १.४! अशा डब्यात १८५ कंपनांच्या आसपासचा आवाज दीडपट फुगतो, आणि ६९ कंपनांचा खर्ज मूळच्या जेमतेम पंचमांश उरतो. वीस लिटरच्या खोक्यात तो सहा दशांश तरी मिळत होता. गंमत अशी की चार लिटरचा डबाच पहिल्या ऐकण्यात अधिक ‘दमदार’ वाटतो. डग्ग्यावर थाप पडली की डबा ‘धुम्’ म्हणतो, ऐकणारा खूष होतो. दुसरी थाप, तिसरी थाप, पुन्हा तेच ‘धुम्’. तबलजीने मनगट दाबून, सरकवून डग्ग्याचा स्वर चढवला-उतरवला, त्यातून मींड काढली, तिचे सारे बाक त्या एका ठराविक घुमाऱ्यात बुडून जातात. ज्याने तो तबलजी मैफलीत समोर बसून ऐकलेला नाही, त्याला आपले काय हरवले याचा पत्ताही लागत नाही. हौशी माणसाने भ्यायचे ते याला. आवाज कमी येण्याला नव्हे.

खोक्यातील हवेला स्प्रिंग म्हणून मुद्दाम राबवण्याची युक्ती अमेरिकेत एडगर व्हिल्चर यांनी १९५४ साली बाजारात आणली. शंकूच्या कडा त्यांनी अगदी सैल ठेवल्या आणि ताठपणाचे काम बंद खोक्यातील हवेवर सोपवले. कपाटाएवढ्या खोक्यांतून निघणारे मंद्र स्वर फडताळावर मावणाऱ्या पेटीतून निघू लागले. लहान पेटीसाठी शंकूही तसाच मुद्दाम घडवावा लागतो, हा त्यातील धडा पुष्कळ लोक विसरतात आणि कोणताही शंकू कोणत्याही डब्यात घालतात.

दुसरा पंथ भोकाच्या पेटीचा. बेल टेलिफोनच्या प्रयोगशाळेतील आल्बर्ट थुरास यांना तिचे पेटंट १९३२ मध्ये मिळाले. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर घातली की ती एका ठराविक स्वरात घुमते. तोच न्याय येथे लावलेला आहे. पेटीला एक नळी ठेवतात, आणि नळीतील हवा ठरलेल्या स्वराला मागचा आवाज उलटवून पुढच्याच्या मदतीला आणते. ही नळी किती लांब असावी हे पुष्कळ दिवस अंदाजाने आणि करवतीने ठरत असे. ऑस्ट्रेलियातील नेव्हिल थील यांनी १९६१ साली हे सारे गणित एका निबंधात मांडले. दहा वर्षांनी तो अमेरिकेत पुन्हा छापला गेला, सिडनी विद्यापीठातील रिचर्ड स्मॉल यांनी ते काम पुढे नेले, आणि त्यानंतर पेट्यांचा धंदा अंदाजावरून आकड्यांवर आला. वर सांगितलेले आकडे त्या दोघांच्याच नावाने ओळखले जातात.

आपल्या उदाहरणातील शंकूसाठी ५० लिटरची पेटी घेतली आणि ती ४० कंपनांवर जुळवायची ठरवली, तर साडेसात सेंटिमीटर व्यासाची, सुमारे अकरा सेंटिमीटर लांबीची नळी पुरते. आवाज ४५ कंपनांच्या आसपासपर्यंत समतल राहतो. बंद खोक्यापेक्षा हे पुष्कळच अधिक. मात्र त्याची किंमत द्यावी लागते. नळीच्या स्वराच्या खाली शंकूला हवेचा आधार राहत नाही. वाकड्या झालेल्या ध्वनिमुद्रिकेवर सुई खालीवर होऊ लागली की शंकू लपापताना डोळ्यांना दिसतो. शिवाय नळी चुकली तर तोच जुना घुमारा नव्या वेषात परत येतो. पहिली पेटी करणाऱ्याने बंद पेटीच करावी; तीत चूक झाली तरी ती सौम्य असते.

ज्या लाउडस्पीकरबरोबर आकड्यांचा कागदच येत नाही, त्याचे काय? ते घरी मोजता येतात. हजार ओहमचा एक रोधक लाउडस्पीकरशी एकसर जोडावा, अ‍ॅम्प्लिफायरमधून हलके हलके चढणारा स्वर सोडावा (हल्ली तो मोबाइल फोनमधूनही निघतो) आणि लाउडस्पीकरच्या दोन टोकांवरचा विद्युद्दाब मीटरवर पाहत जावे. दाब जेथे शिगेला पोचेल ती त्याची स्वाभाविक कंपनसंख्या. मग तोच शंकू माहीत असलेल्या मापाच्या घट्ट खोक्यावर बसवून पुन्हा मोजावे. वीस लिटरवर ४० चे ८० झाले, तर हवेचा आकडा साठ लिटर, हे वरच्याच हिशेबाने उलट निघते. एक संध्याकाळ यात जाते, पण पुढचे लाकूड वाचते.

लाकडाविषयी आता थोडे. ५० लिटरच्या पेटीची आतली मापे २३, ३७ आणि ६० सेंटिमीटर अशी विषम ठेवावीत. तिन्ही बाजू सारख्या झाल्या तर समोरासमोरच्या फळ्यांमध्ये उभे राहणारे तरंग एकाच स्वरावर येऊन मिळतात आणि तो स्वर कायमचा बोंबलतो. हौशी लोकांना माठाचा मोह पडतो, तो सर्वस्वी वेडगळ नव्हे. हॅरी ऑल्सन यांनी १९५० च्या सुमारास निरनिराळ्या आकारांच्या पेट्या तपासल्या, तेव्हा गोलाचा आवाज सर्वांत नितळ आणि घनाकृतीचा फार चढउताराचा आढळला. गोलाला धारदार कडाच नसतात ना! परंतु भाजलेला माठ टिचकीसरशी खणखणतो. आतून गोणपाट किंवा नमदा चिकटवून त्याला मुका केल्यावाचून तो उपयोगाचा नाही, आणि तीस सेंटिमीटर व्यासाच्या माठात हवा मावते जेमतेम चौदा लिटर.

फळी मुकी करण्याचे मार्ग दोन, आणि त्यांवर जाणत्यांचे एकमत नाही. इंग्लंडमधील गिल्बर्ट ब्रिग्ज हे वजनाच्या बाजूचे. दोन प्लायवुडांच्या मध्ये कोरडी वाळू भरावी, असे ते सांगत. वाळूचे कण एकमेकांवर घासून कंपन गिळतात. बीबीसीच्या संशोधकांनी उलट वाट धरली: प्लायवुड पातळच घ्यायचे आणि त्याला आतून डांबरी पत्रे चिकटवायचे. त्यांचा युक्तिवाद असा की जाड, ताठ फळीचे कंपन थांबत नाही, ते वर सरकून मानवी आवाजाच्या प्रांतात येते, आणि तेथे कान फार तिखट असतो. घरगुती सुताराला सोसेल असा मध्यम मार्ग म्हणजे १८ मिलिमीटरचे प्लायवुड किंवा एमडीएफ, आणि समोरासमोरच्या फळ्यांना जोडणारी एखादी आडवी पट्टी. ती बरोबर मध्यावर न बसवता थोडी बाजूला बसवावी, म्हणजे दोन्ही भाग एकाच स्वरात बोलत नाहीत. बंद पेटीत कापूस किंवा लोकर सैलसर भरली की आतले तरंग मरतात आणि हवा थोडी अधिक असल्यासारखी वागते. ठासून भरण्यात मात्र अर्थ नाही.

सांधे बिनचूक हवेत. मंद्र स्वर चालू ठेवून सांध्यांवरून पेटती उदबत्ती फिरवली की धूर जेथे थरथरतो तेथे फट आहे असे समजावे. फळीवर बोटाच्या पेराने ठोकून पाहावे. ‘टक्’ असा कोरडा आवाज यावा, ‘टोंग’ असा नव्हे. मग पेटी खोलीत मांडावी. कोपऱ्यात मंद्र स्वर वाढतात, म्हणून प्रथम तिला दोन्ही भिंतींपासून दूर ठेवावे. एकट्या तबल्याची ध्वनिमुद्रिका लावून, डग्ग्याची मींड सुटीसुटी ऐकू येते तोवर वीत-वीतभर मागे सरकवत जावे. पॉलिश अगदी शेवटी करावे. तोवर मागची फळी सरसाने न चिकटवता स्क्रूंनी व नमद्याच्या पट्टीने घट्ट बसवलेली बरी, कारण कापूस कमी-अधिक करण्यासाठी ती दोनचारदा तरी उघडावी लागते.