गाणं सगळ्यांचं, नाव तिचं

(कार्यकर्त्यांच्या निवासी शिबिरातील भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांनी मला ‘चळवळ आणि गाणी’ हा विषय दिला आहे. मी काही गाणारी नाही. माझा आवाज कसा आहे ते सकाळी तुम्ही सगळ्यांनी ऐकलंच आहे! मी समाजकार्याचं शिक्षण घेतलं आणि गेली बारा वर्षं वस्तीत काम करते. पण एका प्रसंगामुळे हा विषय माझ्या मनात रुतून बसला आहे. तो आधी सांगते.

काही वर्षांपूर्वी आमच्या गटाने गाण्यांची पुस्तिका काढली. घरकाम करणाऱ्या एका मावशींनी रचलेलं गाणं त्यात होतं. मोर्च्यात, बैठकीत आम्ही ते कितीतरी वेळा म्हटलं होतं. मावशींना वाचता येत नाही. पुस्तिका हातात आल्यावर त्यांनी लेकीला सांगितलं, “माझं गाणं कुठंय, दाखव.” लेकीने पान काढून दिलं. मावशींनी विचारलं, “आणि माझं नाव?” गाण्याखाली छापलं होतं, ‘पारंपरिक’. आधीच्या पानावर एका शिकलेल्या कवींचं गाणं होतं, त्याखाली मात्र त्यांचं नाव व्यवस्थित होतं. मावशी रागावल्या नाहीत. “असू दे ताई,” एवढंच म्हणाल्या. श्रमाला प्रतिष्ठा द्या, असं आम्ही जगाला सांगत होतो आणि आमच्याच बाईचा श्रम बिननावाचा ठेवत होतो.

त्याच सुमारास एका मैत्रिणीने मला एक जुना अमेरिकन माहितीपट दाखवला. ‘हारलन काउंटी, यू.एस.ए.’ हे त्याचं नाव. बार्बरा कॉपल या दिग्दर्शिकेने तो १९७६ मध्ये केला. केंटकी राज्यातल्या ब्रुकसाइड खाणीच्या कामगारांनी १९७३-७४ मध्ये तेरा महिने संप केला, त्याची ही कहाणी. कोर्टाने कामगारांच्या पिकेटिंगवर बंधनं घातली, तेव्हा त्यांच्या बायका, आया, बहिणी काठ्या घेऊन रस्त्यावर उभ्या राहिल्या. या चित्रपटात एका बाईचा उंच, कापरा, काळजाला भिडणारा आवाज येतो. ती हेझल डिकन्स. आज तिच्याविषयी बोलायचं आहे.

हेझलचा जन्म १९२५ चा, वेस्ट व्हर्जिनियातल्या कोळसा खाणींच्या डोंगराळ भागातला. अकरा भावंडांत ती आठवी. वडील खाणींसाठी लाकूड वाहून नेत आणि चर्चमध्ये प्रवचन करत. त्या चर्चमध्ये वाद्याविना, मोकळ्या गळ्याने गात. हेझलचा गळा तिथे तयार झाला. गाणं कोणी शिकवलं नाही. ते घरातच होतं, जसं आपल्या आज्यांच्या जात्यावर होतं.

गरिबीमुळे ही माणसं गाव सोडून शहरात जात. हेझलही तरुणपणी बाल्टिमोरला गेली आणि कारखान्यात कामाला लागली. डोंगरातून आलेल्यांच्या बोलीची, कपड्यांची शहरात टिंगल होई. आपल्याकडे दुष्काळी भागातून आलेल्या बाईची बोली ऐकून लोक कसे हसतात, ते तुम्हाला सांगायला नको. तिचा एक भाऊ क्षयरोगाच्या रुग्णालयात होता. तिथे काम करणाऱ्या माइक सीगर या लोकसंगीताच्या अभ्यासकाशी या कुटुंबाची ओळख झाली आणि हेझल लोकांसमोर गाऊ लागली. ती बेस वाजवायची. ‘ब्लूग्रास’ म्हणजे बँजो, फिडल, गिटारचं वेगवान ग्रामीण संगीत, आणि ते जवळजवळ सगळं पुरुषांचं राज्य होतं.

तिथेच तिला अॅलिस जेरार्ड भेटली. अॅलिस कॉलेजात शिकलेली, हेझल कारखान्यातली. १९६५ मध्ये दोघींची पहिली ध्वनिमुद्रिका ‘फोकवेज’ या छोट्या कंपनीने काढली. बायकांनी स्वतःच्या नावावर, पुढे उभं राहून ब्लूग्रास गाणं ही तेव्हा नवलाची गोष्ट होती. सुरुवातीला गाणी बहुतेक जुनीच होती, म्हणजे पुरुषांच्या नजरेतून रचलेली. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात या दोघी दक्षिणेतल्या एका फिरत्या लोकसंगीत महोत्सवात सामील झाल्या. अॅन रोमेन ही गोरी आणि बर्निस जॉन्सन रेगन ही काळी कार्यकर्ती, या दोघींनी तो उभा केला होता. वर्णभेदाच्या मुलखात काळे आणि गोरे कलावंत एकाच मंचावर गात. आपलं दुःख खाजगी नाही, ही जाणीव अशा संगतीतून पक्की होते. आपल्या गटांत आपण हेच करतो ना?

मग हेझलची स्वतःची गाणी येऊ लागली. १९७३ मध्ये ‘राउंडर’ या नव्या, स्वतंत्र कंपनीने दोघींची तबकडी काढली. तिच्यात हेझलचं एक गाणं आहे. दारूच्या गुत्त्यात बसणाऱ्या बाईला नावं ठेवणाऱ्या पुरुषांना ती सांगते की तिला तिथवर आणण्यात तुमचाच हात आहे. त्याच तबकडीत अॅलिसचं गाणं आहे, नवऱ्याच्या मापाने बेतलेल्या बायकोचं. एक कष्टकरी आणि एक सुशिक्षित, पण दोघींची नावं आपापल्या गाण्यापुढे स्वतंत्र आहेत. हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

हेझलचा भाऊ थर्मन खाणीत राबला आणि ‘ब्लॅक लंग’ने गेला. कोळशाची धूळ वर्षानुवर्षं छातीत साठून फुप्फुसं निकामी होतात, तो हा आजार. कंपन्या तो मानायलाच तयार नसत. १९६९ मध्ये वेस्ट व्हर्जिनियातल्या चाळीस हजारांच्या आसपास कामगारांनी या प्रश्नावर काम बंद पाडलं. त्याच वर्षी धुळीवर मर्यादा घालणारा आणि भरपाई देणारा केंद्रीय कायदा झाला. थर्मनवर हेझलने गाणं रचलं. ते तिच्या घरातलं रडणं होतं, म्हणूनच ते हजारो घरांचं झालं. पण कोणी त्याखाली ‘पारंपरिक’ लिहिलं नाही. गाणं सगळ्यांचं झालं तरी तिचं नाव पुसलं गेलं नाही.

तिची कारकीर्द म्हणजे काही यशाचा जिना नव्हता. कित्येक वर्षं ती दुकानात नोकरी करून गात होती. नोकरदार बाईच्या थकव्यावरचं तिचं गाणं त्याच अनुभवातून आलेलं आहे. १९७६ मध्ये अॅलिसची आणि तिची साथ सुटली. ऐंशीच्या दशकात तिच्या एकटीच्या तीन तबकड्या निघाल्या. मोठ्या कंपनीचा झगमगाट कधीच नव्हता. संपाच्या सभा, कामगारांचे मेळावे, छोटे महोत्सव, तिथे ती गात राहिली. २००१ मध्ये लोककलावंतांसाठीचा अमेरिकेचा राष्ट्रीय सन्मान तिला मिळाला. २०११ मध्ये ती गेली. ब्लूग्रासच्या मानाच्या दालनात दोघींची नावं लागली ती २०१७ मध्ये, हेझलच्या मागे सहा वर्षांनी.

आपण काय घ्यायचं यातून? गाण्यावर मालकी सांगू नये, ते लोकांचं असतं, असं आपण म्हणतो. ते खरंच आहे. पण नाव म्हणजे मालकी नव्हे. हेमा राईरकर आणि गी प्वातवां यांनी महाराष्ट्रभरच्या जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, तेव्हा गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव टिपलं. त्याने ओवी कोणाच्या खाजगी मालकीची झाली नाही. उलट ‘अडाणी’ म्हटली गेलेली बाई कवयित्री म्हणून उभी राहिली.

म्हणून माझ्या तीनच सूचना आहेत. गाणं छापताना रचणारीचं नाव आणि गाव लिहा. शब्द बदलायचे तर तिला विचारा. आणि कार्यक्रमात बोलावलं तर तिचा बुडालेला रोज आणि प्रवासखर्च द्या, चहा-बिस्किटांवर भागवू नका.

आम्ही दुसरी आवृत्ती काढली. मावशींचं नाव छापलं आणि पुस्तिका घेऊन त्यांच्या घरी गेलो. लेकीने गाणं मोठ्याने वाचून दाखवलं. मावशींनी तिला मध्येच थांबवलं आणि म्हणाल्या, “नाव माझं घातलंत, आता तिसरी ओळपण माझी घाला. ही तुम्ही बदललीय.” खरंच बदलली होती. यमक जुळावं म्हणून आम्हीच.

आज रात्री गाण्यांचा कार्यक्रम आहे. प्रत्येकीने गाण्याआधी ते कोणी रचलं ते सांगावं. माहीत नसेल तर घरी गेल्यावर शोधावं, एवढीच विनंती करते.