नेट गेलं म्हणजे नेमकं काय गेलं?



तुमच्या घरी दर महिन्याला नेटचे बिल येते. त्या बिलावर ज्या कंपनीचे नाव असते तिची जबाबदारी कुठे संपते आणि तुमची कुठे सुरू होते, एवढेच आज मला सांगायचे आहे. घरच्या संगणकाला बिनतारी जोडणी कशी द्यायची हा विषय मी मुद्दाम मागून घेतला. निवृत्तीवेतनाचा हयातीचा दाखला, नातवंडांची प्रवेशपत्रे, सातबाऱ्याचा उतारा हे सगळे ज्या जोडणीवरून येते, ती आपल्या घरात कशी बसवली आहे हे बहुतेक घरांत कुणालाच माहीत नसते. केबलवाल्याचा मुलगा येतो, खोके भिंतीला लावतो, पासवर्ड सांगून जातो. तो गेला की ते ज्ञानही त्याच्याबरोबर जाते.

‘नेट गेलं’ असे आपण म्हणतो. त्यात दोन निराळ्या गोष्टी एकत्र झालेल्या असतात. परदेशातून येणारी माहिती समुद्राच्या तळावरून काचेच्या तंतूंमधून येते, आपल्याकडे मुंबईत वर्सोव्यासारख्या ठिकाणी किनाऱ्याला लागते, तिथून जमिनीखालून, पुढे खांबाखांबावरून तुमच्या इमारतीत शिरते. हे सगळे तारेतून. हवेतून जाणारा भाग शेवटचे दहा-वीस फूट, राउटरपासून, म्हणजे घरातल्या त्या खोक्यापासून, संगणकापर्यंतचा. त्या भागाला वाय-फाय म्हणतात. बाहेरची तार तुटली तर वाय-फाय पूर्ण जोरात असूनही काही उघडत नाही. तार धडधाकट आणि वाय-फाय दुबळे असेल तर कंपनीकडे कितीही तक्रारी करा, कंपनीच्या बाजूने सगळे ठीकच दिसते.

म्हणून पहिली तपासणी डोळ्यांनी करायची. फायबरची जोडणी असेल तर भिंतीवरच्या खोक्यावर बारीक दिव्यांची रांग असते. त्यांतल्या एकाखाली ‘एलओएस’ अशी अक्षरे असतात. तो दिवा लाल झाला तर तंतूतून प्रकाश येत नाही असे समजायचे: कुठे तरी तो तुटला आहे, वाकला आहे किंवा खोक्यातून निसटला आहे. अशा वेळी संगणकात शोधण्यासारखे काही नसते, थेट कंपनीला फोन करायचा आणि ‘एलओएस लाल आहे’ हे तीन शब्द सांगायचे. समोरचा माणूस तुम्हाला ‘राउटर बंद करून चालू करा’ असे सांगत बसणार नाही. तो दिवा लाल नसेल आणि त्याच वाय-फायवर फोनमध्ये सगळे व्यवस्थित उघडत असेल, पण संगणकावर उघडत नसेल, तर दोष घरातच आहे आणि तो तुम्हाला काढता येतो.

आता संगणकाकडे वळू. लॅपटॉपमध्ये वाय-फायची सोय आतच असते. टेबलावरच्या संगणकाची गोष्ट वेगळी. आपण ज्याला सीपीयू म्हणतो त्या पेटीत बहुतेक वेळा ती नसते, विशेषतः जुळवून घेतलेल्या किंवा कार्यालयातून निकाली निघालेल्या संगणकांत. विंडोजमध्ये खाली उजव्या कोपऱ्यातल्या नेटवर्कच्या चिन्हावर टिचकी मारली आणि तिथे वाय-फायचे नावच नसेल, तर एक तर तो भाग पेटीत नाही, किंवा आहे पण त्याचा ड्रायव्हर, म्हणजे तो चालवणारी आज्ञावली, भरलेला नाही. भाग नसेल तर यूएसबीला लावायचे डोंगल मिळते, काही शे रुपयांपासून. घेताना एक बघा: स्वस्तातली डोंगले फक्त 2.4 गिगाहर्ट्झच्या लहरी ओळखतात. तुमचा राउटर दोन नावे दाखवत असेल आणि त्यांतल्या एकापुढे ‘5जी’ लिहिले असेल, तर ते दुसरे नाव या डोंगलला दिसणारच नाही. या ‘5जी’चा मोबाइलच्या 5जीशी काही संबंध नाही, तो 5 गिगाहर्ट्झचा पट्टा आहे. थोडे जास्त पैसे देऊन दोन्ही पट्ट्यांचे डोंगल घ्यावे, असे मी आग्रहाने सांगेन.

ड्रायव्हरच्या बाबतीत लोक हमखास अडकतात. डोंगल चालायला ड्रायव्हर हवा, ड्रायव्हर उतरवून घ्यायला नेट हवे आणि नेट तर डोंगलवरून यायचे. पूर्वी बरोबर चकती यायची, आता संगणकाला चकती घालायची जागाच नसते. उपाय तुमच्या खिशात आहे. अँड्रॉइड फोन चार्जिंगच्या वायरने संगणकाला जोडा, फोनच्या सेटिंगमध्ये ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करा. फोन वाय-फायवर असेल तर तेच वाय-फाय वायरीतून संगणकाला मिळते. तेवढ्या वेळात ड्रायव्हर उतरवून घ्या, वायर काढा. दुकानदाराला बोलावण्याची गरज उरत नाही.

डोंगल कुठे लावता यालाही महत्त्व आहे. सीपीयूच्या मागच्या बाजूला लावले तर पुढे पत्र्याची पेटी, मागे भिंत आणि वर पाचशे वायरींचा गुंता. लहरी तिथे पोहोचतच नाहीत. हातभर लांबीची यूएसबी वायर घ्या, तिच्या टोकाला डोंगल लावा आणि ते टेबलावर वर आणून ठेवा. शेजारच्या निळ्या यूएसबी खाचेत पेन ड्राइव्ह किंवा हार्ड डिस्क असेल तर तिच्यापासूनही ते दूर ठेवा, कारण यूएसबी 3 च्या उपकरणांतून निघणारा गोंगाट 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात येतो. नवे डोंगल घेण्याआधी या दोन गोष्टी करून पाहाव्यात.

यामागचे विज्ञान थोडे सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. 1895 साली कोलकात्यात जगदीशचंद्र बोस यांनी भिंतीपलीकडे लहरी पाठवून घंटा वाजवून दाखवली. त्यांच्या लहरींची लांबी काही मिलिमीटरपासून दोन-अडीच सेंटिमीटरपर्यंत होती. आपल्या राउटरच्या 2.4 गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साडेबारा सेंटिमीटर, 5 गिगाहर्ट्झची सहाच्या आसपास. घरात या लहरी सरळ येत नाहीत. कपाटावर, आरशावर, छतावर आपटून त्यांचे अनेक पडसाद निरनिराळ्या वेळी संगणकापाशी पोहोचतात आणि एकमेकांत मिसळतात. वेग वाढवला की हा गोंधळ वाढतो. तो सोडवण्याच्या कामी ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या संस्थेतल्या खगोलशास्त्रज्ञांचा मोठा वाटा आहे. जॉन ओसलिव्हन हे अतिसूक्ष्म कृष्णविवरांच्या स्फोटातून निघणाऱ्या क्षीण रेडिओ लहरी शोधत होते. त्या सापडल्या नाहीत. पण विस्कटलेल्या संकेतातून मूळ संकेत निवडण्याचे त्यांच्याजवळचे गणित 1990 च्या दशकात घराच्या चार भिंतींतल्या पडसादांवर उपयोगी पडले, आणि संस्थेला 1996 मध्ये त्याचे अमेरिकी पेटंट मिळाले.

याच संस्थेच्या रेडिओ विभागात 1950 च्या दशकात गोविंद स्वरूप काम शिकत होते. तिथल्या सहा फुटी तबकड्या भारताला भेट मिळाल्या, त्या कल्याणजवळ उभ्या राहिल्या आणि 1965 मध्ये तिथून सूर्याची निरीक्षणे झाली. पुढे त्याच स्वरूपांनी नारायणगावजवळ खोडदला प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्यांची महाकाय दुर्बीण उभी केली. तुमच्यापैकी अनेकांनी मुलांना ती दाखवायला नेले असेल. आकाशाकडे कान लावून बसणाऱ्या या विद्येचा आपल्या घरातल्या खोक्याशी इतका जवळचा संबंध आहे, हे मुलांना जरूर सांगा. शुद्ध संशोधनावर खर्च कशाला, असे विचारणाऱ्याला हे एक उत्तर पुरेसे आहे.

तर लहरी भिंतींतून जातात, पण प्रत्येक भिंतीला कर देत जातात. वाड्याची दगडमातीची भिंत, स्लॅबमधले लोखंड, पत्र्याचे कपाट, मोठा आरसा, पाण्याची टाकी हे सगळे तो कर वसूल करतात. 5 गिगाहर्ट्झला तो अधिक भरावा लागतो, म्हणून त्याच खोलीत 5 आणि दोन भिंतींपलीकडे 2.4 असा साधा हिशेब ठेवा. राउटर बहुतेक घरांत दारावर किंवा टीव्हीच्या कपाटात असतो, कारण तार तिथून आत आली आणि बसवणाऱ्याला तिथे सोपे पडले. तार लावून घेतानाच त्याला सांगायचे, ‘पाच-सात मीटर जास्त सोड, खोके घराच्या मध्यावर, उंचावर बसव.’ तुम्ही पैसे देता, हे सांगण्याचा तुम्हाला अधिकार आहे. आणि संगणक जागचा हलणारच नसेल, तर माझे स्पष्ट मत असे की बिनतारीचा हट्ट धरू नये. राउटरपासून साधी लॅन वायर ओढा. चांगली वायर 100 मीटरपर्यंत सेकंदाला एक गिगाबिटचा वेग देते आणि तिला भिंतीची पर्वा नसते. दोष ओळखायलाही ती उपयोगी पडते. वायरीने वेग पूर्ण मिळाला आणि वाय-फायवर पडला, तर अडचण हवेतली आहे.

पुण्या-मुंबईच्या इमारतीत ही हवाही एकट्याची नसते. वाय-फायच्या यादीत शेजाऱ्यांची वीस-पंचवीस नावे दिसतात. ही उपकरणे बोलण्यापूर्वी ऐकतात. दुसरे कुणी बोलत असेल तर थांबतात. गर्दी वाढली की थांबणे वाढते. 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणाऱ्या वाहिन्या तीनच धरतात: 1, 6 आणि 11. आपल्या देशात या पट्ट्यात कमी शक्तीची उपकरणे विनापरवाना वापरण्याचे नियम जानेवारी 2005 मध्ये आले, आणि 5 गिगाहर्ट्झचा मोठा भाग ऑक्टोबर 2018 मध्ये खुला झाला. परवाना लागत नाही म्हणून सर्वांचा हक्क सारखा, आणि म्हणूनच संध्याकाळी आठला वेग पडला तर शेजाऱ्याशी भांडण्यात अर्थ नाही. जवळच्या खोलीत 5 वर जावे हेच बरे.

बसवण्याचे उरलेले काम थोडक्यात सांगतो. यादीतून आपले नाव निवडा, पासवर्ड भरा, ‘आपोआप जोडा’वर खूण करा. नाव आणि पासवर्ड राउटरच्या पाठीवरच्या कागदावर छापलेले असतात. वेगाची जाहिरात मेगाबिटमध्ये असते आणि फाइल मेगाबाइटमध्ये मोजतात. आठ बिटांचा एक बाइट. 100 ची योजना घेतली आणि फाइल सेकंदाला बारा मेगाबाइटने उतरली, तर तुम्हाला पूर्ण माप मिळाले आहे.

आता ज्यासाठी मी हा विषय मागितला तिकडे येतो. 26 जुलै 2008 रोजी अहमदाबादमध्ये बॉम्बस्फोट झाले. स्फोटांच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना एक ई-मेल गेला. त्याचा माग काढत तपास पथक नवी मुंबईत सानपाड्याला एका अमेरिकी नागरिकाच्या फ्लॅटपाशी पोहोचले. त्याच्या वाय-फायचा गैरवापर झाला होता. त्याच वर्षी पुढचे ई-मेल माटुंग्यातल्या एका महाविद्यालयाच्या आणि चेंबूरमधल्या एका कंपनीच्या वाय-फायमधून गेले. हे आपल्या शेजारी घडले आहे. तुमच्या घरात दहा उपकरणे असली तरी बाहेरच्या जगाला त्या सर्वांचा पत्ता एकच दिसतो, आणि तो पत्ता ज्याच्या नावावर बिल येते त्याचा असतो. जिन्यात बसून कुणी तुमची जोडणी वापरली, तरी पोलीस आधी तुमचे दार वाजवतील.

म्हणून कुलूप नीट लावा. राउटरच्या सेटिंगमध्ये सुरक्षेचे प्रकार दिसतात. डब्ल्यूईपी हा 1990 च्या दशकातला प्रकार 2001 मध्येच फोडला गेला, तो कधीही निवडू नका. किमान डब्ल्यूपीए2 हवे. राउटर आणि संगणक दोन्ही नवे असतील तर 2018 मध्ये आलेले डब्ल्यूपीए3. बटण दाबून किंवा आठ आकडी पिन देऊन जोडणारी डब्ल्यूपीएस सोय बंद करा, त्या पिनमधली कमजोरी 2011 मध्ये जाहीर झाली आहे. पासवर्डात मोबाइल नंबर, मुलांची नावे, फ्लॅटचा क्रमांक नको. एकमेकांशी संबंध नसलेले चार मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत सलग लिहा, ते तुमच्या लक्षात राहतील आणि बाहेरच्याला सुचणार नाहीत. पाहुण्यांसाठी ‘गेस्ट’ नावाची वेगळी जोडणी बहुतेक राउटरमध्ये असते. पाहुणचार तिच्यावरून करा. आणि वाय-फायच्या पासवर्डापेक्षा वेगळा असा खुद्द राउटरचा एक पासवर्ड असतो, सेटिंग उघडण्याचा. तो अनेक घरांत कारखान्यातून आला तसाच राहतो. तो आधी बदला.

माझी विनंती एवढीच आहे. आज घरी गेल्यावर राउटरच्या पाठीवरचा कागद वाचा. दोन्ही पासवर्ड बदला. नवे पासवर्ड, कंपनीचा ग्राहक क्रमांक आणि तक्रारीचा फोन नंबर, गॅसचे पुस्तक ठेवता त्या जागी वहीत लिहून ठेवा. आणि हे काम मुलावर, सुनेवर किंवा शेजारच्या कॉलेजच्या पोरावर सोपवू नका. दिवसभर घरात जे असतात त्यांनी, म्हणजे आजी-आजोबांनी, ते स्वतःच्या हाताने एकदा तरी करावे. अडले तर व्याख्यान संपल्यावर मी इथेच आहे, राउटरचा फोटो घेऊन या.