सामान परत मागणारं गाणं



ऐंशीच्या दशकात दहिसरला विलायती गाणी पोचायची ती भरून घेतलेल्या कॅसेटमधून. वहीच्या कागदावर यादी करून दुकानात द्यायची, कॅसेट साठची हवी की नव्वदची ते सांगायचं, आणि दुकानदार मिनिटांची बेरीज करत गाणी बसवायचा. १९८४ साली अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलेलं लायोनेल रिचीचं ‘हॅलो’ अशा याद्यांत हमखास असे. सोबत त्याच सोल-पॉपच्या वळणाची आणखी संथ प्रेमगीतं. त्यांचं ध्रुवपद दुसऱ्यांदा आलं की इंग्रजी न कळणाराही सोबत गुणगुणू लागे.

त्याच याद्यांत पुढे एक हिंदी गाणं आलं आणि दुकानदाराचं गणित बिघडलं. ‘मेरा कुछ सामान’. चांगलंच लांब. बाजूच्या शेवटी घातलं तर पट्टी मध्येच संपायची. १९८७चा ‘इजाज़त’, दिग्दर्शन आणि गीतं गुलजारांची, संगीत राहुलदेव बर्मन ऊर्फ पंचम यांचं. सुबोध घोष यांच्या बंगाली कथेवरचा हा चित्रपट रेल्वेच्या वेटिंग रूममध्ये उलगडतो. यातली चारही गाणी आशाताई भोसले यांची. पुरुषाचा आवाज एकाही गाण्यात नाही.

चित्रपटात बायको नवऱ्याच्या जुन्या प्रेयसीच्या वस्तू घरातून गोळा करून तिला पाठवून देते. त्यावर ती प्रेयसी कळवते, की अजून बरंच तुमच्याकडे राहिलंय, तेही पाठवा. आणि मग जी यादी सुरू होते, त्यातलं काहीही ट्रंकेत भरता येत नाही. एका छत्रीत दोघं अर्धे अर्धे भिजले, तेसुद्धा यादीत. (जुलैत दहिसरच्या पुलावरून उतरणाऱ्यांना हे समजावून सांगायला नको.) चांदण्या रात्री मात्र मोजून एकशे सोळा. दुसरा एखादा कवी हजार म्हणून मोकळा झाला असता. ही बाई नेमका आकडा सांगते, म्हणून तिच्यावर विश्वास बसतो.

हे सगळं मुक्तछंदात. यमक नाही, ओळींची लांबी सारखी नाही. कागद वाचून पंचम वैतागले आणि म्हणाले, उद्या तू टाइम्स ऑफ इंडिया आणून चाल लाव म्हणशील, हा किस्सा गुलजारांनीच अनेकदा सांगितला आहे. शेजारी बसलेल्या आशाताई परत मागण्याचे शब्द गुणगुणू लागल्या आणि पंचमना तिथे चालीचं टोक सापडलं.

मला मोठी वाटते ती यापुढची गोष्ट. पंचमनी कवितेला इस्त्री केली नाही. ओळ लांबली की सूर लांबतो, वाक्य थांबलं की चालही थांबते. आशाताई बोलतात आणि गातात, यांतली सीमा कुठे आहे हे सापडत नाही. आवाजात हुंदका कुठेच नाही. दुसऱ्या कुणी हे रडून गायलं असतं, तर ही यादी कैफियत झाली असती. इथे ती मागणी राहते, जरा अडून बसलेली. तिकडच्या बॅलडमध्ये शेवटाकडे आवाज चढत जातो, वाद्यं भरून येतात. इथे तसला कळस नाही. मला हे धाडस त्या सगळ्या नंबर एक गाण्यांपेक्षा मोठं वाटतं.

या गाण्यासाठी गुलजारांना आणि आशाताईंना राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. संगीतकाराला नाही. पंचम ४ जानेवारी १९९४ला गेले. त्याआधी १९९१मध्ये आशाताईंनी बॉय जॉर्जबरोबर गाऊन विलायती पॉपलाही हात लावला. हा जॉर्ज म्हणजे कल्चर क्लब या बँडचा, ज्याची गाणी आमच्या त्याच कॅसेटवर असत!

विविध भारतीचा स्टुडिओ आता बोरीवलीत, गोराई रोडला आहे. दहिसरकरांच्या अगदी शेजारी. तिथून हे गाणं लागलं, तर पहिल्या कडव्यानंतर मागणी पुन्हा येते तिथे कान द्या. शब्द तेच असतात, पण आशाताई ते पहिल्यासारखे म्हणत नाहीत.