परका पराग आणि परका नमुना

जालना जिल्ह्यांत कपाशीचें संकरित बियाणें तयार करणारीं माणसें सायंकाळीं मादी वाणाच्या कळींतील पुंकेसर खुडून काढतात, कळीवर कागदी पिशवी चढवितात, आणि दुसरे दिवशीं सकाळीं नर वाणाचे पराग लावून देठाला दोरा बांधतात. परका पराग आंत शिरूं नये, आणि संकराचें बोंड कोणतें हें वेंचणीच्या वेळीं ओळखतां यावें, हा त्यांतील हेतु. बद्रीनारायण बारवाले यांनीं १९६४ सालीं जालन्यास ‘महिको’ ही बियाण्यांची कंपनी काढली. पुढें हें काम जिल्ह्यांतील अनेक घरांत रुळलें.

परंतु परक्याचा शिरकाव शेतांतच होतो असें नाहीं. बियाणें जातिशुद्ध आहे कीं नाहीं हें पेरून पाहण्यास एक हंगाम लागतो. डीएनए वाचणारीं यंत्रें तेंच थोड्या दिवसांत सांगूं शकतात, व शेंकडों नमुने एकत्र मिसळून एकाच खेपेस वाचतात. श्रोत्यांच्या ध्यानांत यावें कीं, या वाचनापूर्वीं डीएनएच्या असंख्य प्रती काढाव्या लागतात. त्या प्रतींचा एखादा अदृश्य तुषार शेजारच्या नमुन्यांत उडाला, तर चोख बियाणें भेसळीचें ठरेल आणि शेतकऱ्याचे हंगामाचे कष्ट मातीमोल होतील. म्हणून प्रती काढण्याची खोली निराळी ठेवतात. त्या खोलींतील अंगरखा, नळी, कागदसुद्धां पहिल्या खोलींत परत येऊं देत नाहींत. जुन्या घरांतील सोवळ्याहून हें सोवळें कडक. आणि येथें विटाळ खरोखरच असतो!

साधनें निर्जंतुक असलीं म्हणजे भागतें, हा समजहि खोटा. जर्मनी, ऑस्ट्रिया व फ्रान्समध्यें सुमारें ४० गुन्ह्यांच्या जागीं एकाच स्त्रीचा डीएनए सांपडला. पोलीस कित्येक वर्षें तिच्या मागावर होते. २००९ सालीं उलगडा झाला. डीएनए टिपण्याच्या कापूस लावलेल्या काड्याच कारखान्यांत एका कामकरी स्त्रीच्या स्पर्शानें दूषित झाल्या होत्या. जंतु मेले होते. डीएनए उरला होता.

कळीच्या दोऱ्यासारखी युक्ति प्रयोगशाळेंतहि आहे. प्रत्येक नमुन्याच्या डीएनएच्या तुकड्यांना एक सांकेतिक खूण जोडतात व वाचनानंतर तिच्यावरून ते वेगळे करतात. मात्र कांहीं यंत्रांत मोकळ्या राहिलेल्या खुणा भलत्याच तुकड्यांस चिकटतात. म्हणून तुकड्याच्या दोन्ही टोंकांस, इतर कोणत्याहि नमुन्यास न दिलेली, अशी एकेक खूण लावतात. जोडी जुळली नाहीं कीं तुकडा बाद.

शिवाय प्रत्येक खेपेस तबकांतील एका खळग्यांत निव्वळ पाणी घालतात. त्या पाण्यांत कपाशीचा डीएनए वाचला गेला, तर तबकांतील सर्व निकाल थांबवून, राखून ठेवलेल्या बियांवर काम पुन्हां पहिल्यापासून सुरू करावें लागतें.