पदक दिसतं, शरीर दिसत नाही

(रनाळे, जि. नंदुरबार येथे मुली व पालकांच्या बैठकीत केलेले भाषण)



मुलींनी खेळायला हवं, याबद्दल आपल्यात वाद नाही. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची आदिवासी मुलगी कविता राऊत २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटर धावली आणि कांस्यपदक घेऊन आली. मैदान हा मुलींचा हक्कच आहे. पण पदकाचा फोटो छापून येतो, त्यासाठी शरीराने काय मोजलं ते छापून येत नाही. तो हिशेब आज मांडू.

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये विनेश फोगाट अंतिम फेरीत पोचली. वजन उतरवण्यासाठी ती रात्रभर घाम गाळत राहिली, केससुद्धा कापले. तरी शंभर ग्रॅम जास्त भरलं आणि ती बाद झाली. शंभर ग्रॅमची चर्चा देशभर झाली. उपाशी, तहानलेल्या बाईची किती झाली?

आपल्या मुलींचं काय होतं? सराव वाढतो, ताटातली भाकरी तेवढीच राहते. मग पाळी थांबते. मुलीला वाटतं, कटकट गेली. ती कटकट नव्हे, इशारा असतो. अन्न पुरत नाही म्हणून शरीर एकेक काम बंद करतं. पुढे हाडं कमजोर होतात, नुसत्या धावण्यानेही त्यांना बारीक भेगा पडतात.

आपल्या जिल्ह्यात सिकलसेल आहे. ज्या मुलीला हा दोष आई किंवा बाप, एकाकडूनच आला, ती वाहक. ती एरवी ठणठणीत असते, खेळूही शकते. पण कडक उन्हात, पाण्यावाचून, न थांबता पळवलं तर तिच्याही जिवावर बेतू शकतं. अशा वेळी ‘पाय भरून आले’ म्हणणारी मुलगी नाटक करत नसते.

आणि मनाचं? वीटभट्टीवर राबणाऱ्या आईबापांची तमिळनाडूची शांती सौंदरराजन २००६ साली दोहाच्या आशियाई स्पर्धेत आठशे मीटरमध्ये दुसरी आली. लिंगचाचणीनंतर तिचं पदक काढून घेतलं. तिच्या शरीराची चर्चा साऱ्या देशाने केली, तिला कोणी विचारलं नाही.

म्हणून मागणं साधं आहे. सरावाआधी रक्ताची आणि सिकलसेलची तपासणी व्हावी, आणि तिचा निकाल मुलीला बाहेर काढण्यासाठी वापरू नये. मैदानावर पाणी, सावली आणि मुलींसाठी संडास हवा. तीन महिने पाळी आली नाही तर आयांनो, डॉक्टरकडे न्या; लपवू नका. प्रशिक्षकाचा हात नको तिथे गेला तर मुलीने कोणाकडे जायचं, त्या बाईचं नाव शाळेच्या भिंतीवर लिहिलेलं असावं.

आणि मुलींनो, ‘आज नाही धावणार’ हे म्हणण्याचा हक्कही तुमचाच आहे. तो वापरलात म्हणून संघातलं नाव कापलं जात असेल, तर त्याविरुद्ध आपण सगळ्याजणी मिळून बोलू.