पेटीबंद स्क्रिप्ट आणि बाहेरचा निरोप



संगणकाने करावयाच्या कामाची लेखी यादी म्हणजे स्क्रिप्ट. पायथन भाषेतली स्क्रिप्ट चालवायची, तर तिचा दुभाष्या, म्हणजे इंटरप्रिटर, यंत्रावर हजर लागतो. प्रत्येक कचेरीत तो असतोच असे नाही. म्हणून ‘पायइन्स्टॉलर’सारख्या साधनाने स्क्रिप्ट, दुभाष्या आणि लागणारे सामान एकाच पेटीत बांधतात. हीच एक्झिक्यूटेबल फाइल.

आता शंका अशी की, पेटी बंद झाल्यावर आतल्या स्क्रिप्टला निरोप द्यायचा कसा? आज मार्चचा हिशेब कर, उद्या एप्रिलचा, हे सांगायचे कुठे? उत्तर सोपे आहे. आज्ञेच्या ओळीत पेटीच्या नावापुढे जागा सोडून जे शब्द लिहावेत, ते आत पोचतात. त्यांना आर्ग्युमेंट म्हणतात. ते ‘आर्गव्ही’ नावाच्या यादीत बसतात. हे नाव सी भाषेतून आले; कर्निगन आणि रिची यांच्या १९७८ सालच्या पुस्तकात ते आहे. यादीत ० क्रमांकावर पूर्वी स्क्रिप्टचे नाव असे, तिथे आता पेटीचे येते. पहिला निरोप १ वर. विंडोजमध्ये एखादी फाइल ओढून पेटीच्या चिन्हावर सोडली, तरी तिचा पत्ता असाच आत जातो.

धोका आहे तो मोकळ्या जागेत. एका पतसंस्थेला आम्ही अशी पेटी करून दिली होती. कारकुनाने ‘मार्च अखेर’ हे फोल्डरचे नाव अवतरणचिन्हांवाचून लिहिले. यंत्राने त्याचे दोन निरोप केले. आमच्या स्क्रिप्टने पहिला उचलला, दुसऱ्याकडे पाहिलेही नाही, आणि ‘मार्च’ नावाच्या जुन्या, अर्धवट फोल्डरवरून ताळेबंद काढून दिला. वार्षिक सभेच्या आदल्या संध्याकाळी चूक उघडकीस आली. बोल कारकुनाला लागला. चूक आमची होती.

नाव दुहेरी अवतरणात घातले की ते एकच निरोप राहते, हे खरे. पण कारकुनाला ते कोणी सांगितले होते? स्क्रिप्ट उघडी असताना जाणत्याला आत डोकावता येत होते. पेटी बंद होताच तो मार्ग संपला. म्हणून पेटीनेच बोलले पाहिजे. पायथनमध्ये २०१० सालच्या २.७ आवृत्तीपासून ‘आर्गपार्स’ ही सोय आहे. निरोप कमी आला किंवा जास्त आला, तर ती काम थांबवते आणि काय हवे ते सांगते.

आम्ही तेवढ्या चार ओळी वाचवल्या, आणि एका गरीब माणसाला सभेपुढे मान खाली घालावी लागली. ज्याने पेटी बंद केली, त्यानेच तिच्यावर सूचना लिहावी, एवढेच आमचे सांगणे आहे.