व्यसनमुक्ति-केंद्राच्या दाराबाहेर

एखादा मनुष्य व्यसनमुक्ति-केंद्रांतून घरीं परत आला म्हणजे तो बरा झाला, असें आपण समजतों. मीहि तसेंच समजत होतों. ही समजूत किती घातक आहे हें मला ज्या प्रसंगानें कळलें, तो आज आपणांस सांगावा असें मनांत आहे. पस्तीसांहून अधिक वर्षें मुलांना शिकविण्यांत गेलीं. या एका विषयांत मात्र मला माझ्या विद्यार्थ्याकडूनच धडा घ्यावा लागला, आणि तोहि फार उशिरां.

हा विद्यार्थी हुशार मुलांत गणला जाणारा नव्हता. पण फळा पुसावयास आणि घंटा देण्यास सदैव पुढें. मोठेपणीं तो एका कारखान्यांत लागला. तेथें संगतीनें गर्द घेऊं लागला, प्रथम ओढून आणि मग सुईनें. दोन-तीन वर्षांत नोकरी, आईचे दागिने आणि घरच्यांचा विश्वास, हीं तिन्हीं गेलीं. शेवटीं घरच्यांनीं कर्ज काढून त्याला एका खासगी केंद्रांत ठेविलें. नव्वद दिवसांनीं तो परतला तेव्हां अंगानें भरला होता, डोळ्यांत पूर्वीचें तेज होतें. चाळीच्या गणपतीपुढें आम्हीं त्याचा सत्कार केला. शाल व श्रीफळ मीं दिलें आणि अध्यक्षीय भाषणहि मींच केलें. 'निर्धाराच्या बळावर तूं व्यसनावर कायमचा विजय मिळविला आहेस,' असें मीं म्हटलें, आणि टाळ्या पडल्या.

त्यानंतर महिन्याभरानें एका संध्याकाळीं तो माझ्या दारीं आला. 'सर, आज फार ओढ लागली आहे. थोडा वेळ येथें बसूं का?' एवढेंच तो म्हणाला. मीं त्याला बसविलें, चहा दिला, आणि मग तासभर उपदेश केला. आईकडे पाहा, दिलेल्या शब्दाला जाग, लोक काय म्हणतील याचा विचार कर. त्यानें मान खालीं घातली, 'होय सर' म्हणाला आणि उठून गेला. आठवड्यानें त्याच्या मृत्यूची बातमी आली. पूर्वीं घेत असे तेवढीच मात्रा त्यानें घेतली होती.

तेवढीच मात्रा या वेळीं प्राणघातक कां ठरली, हें मला पुढें एका डॉक्टरांनीं समजावून सांगितलें. अफूच्या वर्गांतील द्रव्यें रोज घेतल्यानें शरीर मोठी मात्रा सोसूं लागतें. कांहीं आठवडे तीं बंद राहिलीं कीं ही सोसण्याची शक्ति ओसरते, आणि मग जुनी मात्रा श्वास बंद पाडण्यास पुरते. म्हणून केंद्रांतून किंवा तुरुंगांतून बाहेर पडल्यानंतरचे पहिले आठवडे हेच सर्वांत जोखमीचे. अशा वेळीं नॅलोक्सोन नांवाचें औषध लगेच मिळालें तर थांबत चाललेला श्वास पुन्हां चालूं होऊं शकतो. निरोप देतांना त्या केंद्रानें यांतील एक अक्षरहि घरच्यांना सांगितलें नव्हतें. त्यांच्या हातीं दिलें तें एक प्रमाणपत्र.

आपल्या व्यवस्थेचें मुख्य वैगुण्य मला येथें दिसतें. ती खाटा मोजते, दिवस मोजते, भरती व रवानगी यांची नोंद ठेविते; पण दाराबाहेर पडलेल्या माणसाचें पुढें काय झालें, हें विचारावयास कोणी जात नाहीं. कायद्याचेंच पाहा. १९८५ चा अंमली पदार्थांचा कायदा सेवन करणाऱ्यास शिक्षा सांगतो. त्यांतीलच ६४-अ हें कलम स्वखुषीनें उपचारास येणाऱ्यास खटल्यापासून सूट देतें. तरतूद उदार आहे. परंतु उपचार पुरा न केल्यास ती सूट काढून घेतां येते. ज्या आजारांत पुन्हां घसरणें हें आजाराचेंच एक लक्षण आहे, तेथें उपचार पुरा झाला असें केव्हां म्हणावें? मधुमेह्याची साखर वाढली म्हणून कोणी त्याला दवाखान्यांतून हांकलून देत नाहीं.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानें दारू व मादक द्रव्यें यांच्या सेवनाशीं निगडित मनोविकार मानसिक आजारांत धरले, अशा रुग्णांना ठेवून घेणाऱ्या संस्थांना नोंदणी आवश्यक केली, आणि रुग्णास सांखळीनें बांधण्यास मनाई केली. तरीहि कोंडून ठेवणें व मारहाण यांनाच उपचार समजणाऱ्या केंद्रांच्या बातम्या अधूनमधून वर्तमानपत्रांत येतात. अगतिक झालेलें कुटुंब नोंदणीचा कागद मागत नाहीं. मुलाला कोणी तरी घेऊन जावें, एवढेंच त्याला हवें असतें. केंद्र सरकारसाठीं केलेली जी पाहणी २०१९ सालीं प्रसिद्ध झाली, तींत अफूवर्गीय द्रव्यांमुळें मदतीची गरज असलेले लोक सुमारें ७७ लाख असल्याचा अंदाज आहे. दारूच्या पूर्ण आहारीं गेलेल्या ३८ जणांत जेमतेम एकाला कोणता तरी उपचार मिळतो, असेंहि तींत आढळलें. तेव्हां केंद्रें वाढलीं पाहिजेत हें खरेंच. पण केवळ खाटा वाढवून माझा विद्यार्थी वांचला नसता.

मग काय हवें होतें? एक तर औषध. अफूवर्गीय व्यसनावर बुप्रेनॉर्फिन व मेथाडोन हीं औषधें डॉक्टरांच्या देखरेखीखालीं दीर्घकाळ देतां येतात, व जागतिक आरोग्य संघटनेच्या आवश्यक औषधांच्या यादींत तीं आहेत. ही एक नशा सोडून दुसरी धरणें झालें, असा आक्षेप आपण चटकन घेतों. परंतु या औषधांच्या आधारानें माणूस कामावर जातो, आणि मुख्य म्हणजे जिवंत राहतो. दुसरी गोष्ट सोबत. पुण्याचें मुक्तांगण १९८६ सालीं डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनीं, पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांच्या साह्यानें, सुरू केलें. तेथें व्यसनांतून बाहेर आलेलीं माणसेंच नव्यांना हात देतात, आणि घरीं गेलेल्यांसाठींहि पाठपुराव्याच्या बैठका भरतात. ही रीत प्रत्येक केंद्रास सक्तीची व्हावी, आणि सरकारी अनुदान देतांना वर्षभरानंतर किती जण संपर्कांत आहेत हें विचारलें जावें.

राहिला आपला, घरांतल्यांचा, वांटा. आपल्या ओळखींत असा कोणी परत आला तर त्याचा सत्कार करूं नका. त्यानें त्याच्या डोक्यावर ओझें मात्र वाढतें. त्याला ठरल्या वेळेचें कांहीं काम मिळवून द्या. त्याच्या डॉक्टरांची पुढली तारीख आपल्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेंत लिहून ठेवा. १४४४६ हा सरकारी मदतक्रमांक घरांत सर्वांना पाठ असूं द्या. तो घसरला तर 'शेवटीं तूं आपल्या गुणावर गेलास' असें म्हणूं नका. त्याच दिवशीं त्याला पुन्हां डॉक्टरांकडे न्या.

आणि तो संध्याकाळीं दारीं आला, तर त्याला बसूं द्या. त्या दिवशीं माझ्या विद्यार्थ्यानें माझ्यापाशीं थोडा वेळ बसण्यापुरती जागा मागितली होती. ती माझ्या घरांत होती. तिच्याऐवजीं मीं त्याला उपदेश दिला, याचें दुःख मला जन्मभर राहील.